शाल, श्रीफळ आणि ब्रासभर दगड

धाराशिव जिल्ह्याच्या पोटात कोळसा नाही, मँगनीज नाही, लोखंड नाही. चंद्रपूरकर आपल्या काळ्या सोन्याबद्दल बोलतात तसं बोलायला धाराशिवकरांकडं काळं भरपूर आहे, सोनं तेवढं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा पसरला, थंड झाला आणि इथंच मुक्कामाला राहिला. पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात. विहीर खोदणारा त्याला काय म्हणतो ते छापता येत नाही.

तरीही कलेक्टर कचेरीत जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याची पाटी आहे, आणि त्यांच्या वर थेट नागपूरला भूविज्ञान व खनिकर्म संचालनालय आहे. दगड, मुरूम, वाळू आणि माती ब्रासवर मोजली जाते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. त्यावर रॉयल्टी आहे, वाहतुकीचा पास आहे, पास नसला तर दंड आहे, दंडावर अपील आहे. थोडक्यात, उद्योगाला लागतं ते सगळं आहे.

जिल्ह्यातला दुसरा मोठा उद्योग सत्काराचा, आणि त्याला रॉयल्टी नाही. सेवानिवृत्त मुख्याध्यापकांचा सत्कार होतो, बदली झालेल्या ग्रामसेवकाचा होतो, बदली रद्द झाली तर त्याच ग्रामसेवकाचा परत होतो. दहावीला ८२ टक्के मिळवणाऱ्याचा होतो आणि सोसायटीवर बिनविरोध निवडून आलेल्याचाही होतो. फेटा बांधणारा एक माणूस तालुक्यात बारा महिने कामावर असतो. शाल मात्र कुणाच्याच घरी फार दिवस राहत नाही. ती घडी न मोडता पुढच्या सत्काराला निघते. चार वर्षांत चार तालुके फिरून ती मूळ यजमानाच्या खांद्यावर परत येते, आणि तोही कौतुकानं तिच्याकडं बघतो.

हे दोन उद्योग शेजारी शेजारी नांदतात, पण त्यांची सोयरीक काही जमलेली नाही. तीस-चाळीस वर्षं दगड फोडणारा, सुरुंगाचे होल मारणारा, विहिरीच्या तळाशी उभा राहून घमेलं भरणारा माणूस व्यासपीठावर चढतो तो खुर्च्या लावायला.

याचं कारण कुणाच्या मनातला खोटेपणा नसून कागद आहे. सत्काराला तारीख लागते. सरकारी माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यातही महाराष्ट्रातल्या एका पिढीचा जन्म गुरुजींच्या कृपेनं १ जूनला झालेला आहे. पोरगं शाळेत आणलं, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, मग लिहा १ जून. नियमाप्रमाणं १ तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो, म्हणून दरवर्षी ३१ मे रोजी राज्यभर हारांचे भाव चढतात. खदानीतला माणूस शाळेतच गेला नाही, त्यामुळं त्याला १ जूनसुद्धा मिळाली नाही. जन्म कधीचा, तर बहात्तरच्या दुष्काळात एवढा होतो, असं म्हणून तो जमिनीपासून हात वर धरतो. कामाला कधीपासून, तर तवापासून. निवृत्ती कधी, यावर तो विचारणाऱ्याकडंच जरा काळजीनं बघतो.

नागपूर-चंद्रपूरकडं ही अडचण नाही. तिथं कोळशाची वेकोलि आहे, १९६२ पासूनची मँगनीजची मॉईल आहे, साठ वर्षांची निवृत्ती आहे. कोळसा खाणीत ‘फॉर्म बी’ नावाचं रजिस्टर असतं आणि त्यात माणसाचं वय लिहिलेलं असतं. ते त्याच्या शाळेच्या दाखल्यातल्या वयाशी जुळतंच असं नाही. या फरकावरून देशभरात इतके दावे झाले आहेत की काही खाण कामगारांना निवृत्तीचा दिवस खाणीच्या गेटवर न कळता कोर्टात कळला. पण दोन जन्मतारखा म्हणजे निदान एक तरी खरी निघण्याची आशा. दोन्हींपैकी एकही नसणाऱ्यानं काय करायचं? धाराशिवच्या खदानीही खाण कायद्याच्या कक्षेबाहेर नाहीत. त्या कायद्यात कामगारांची नोंदवही आहे, माइनिंग मेट आहे, परवानाधारक ब्लास्टर आहे. आणि खडीकेंद्रावर मुकादमाची वही आहे. तिच्यात नावापुढं एकच आकडा असतो, उचल किती घेतली त्याचा.

बहात्तरच्या दुष्काळाचं नाव निघालंच आहे, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. सत्कारासाठी ज्येष्ठ खाण कामगारांची यादी प्रामाणिकपणं करायची म्हटली तर ती खदानीपाशी थांबणार नाही. त्या दुष्काळात जवळजवळ अख्खा जिल्हाच खाण उद्योगात होता. दुष्काळी कामं निघाली आणि पाटलापासून सालगड्यापर्यंत माणसं रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडू लागली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. कुठल्या खाण कंपनीला इतकी भरती आजवर जमलेली नाही. खायला सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी होती. तिची चव कशी होती हे विचारलं की त्या पिढीतली माणसं अजून तोंड वाकडं करतात. वि. स. पाग्यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच काळात राज्यभर पोचली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पागे तिचे जनक म्हणून ओळखले जातात, ते योग्यच आहे. पण ज्यांच्या बोटांवर घण बसला त्या पन्नास लाखांत धाराशिवचे आजचे बहुतेक आजी-आजोबा येतात. सत्कार समितीनं एकदा निकष नीट वाचले तर तिला आपल्याच आजीला नारळ द्यावा लागेल, आणि आजी म्हणेल, हा नारळ कुठनं आणला, खवट लागतोय.

अनुभवी माणसाचा मान राखायची पद्धत इथं नव्यानं बिघडली असंही नाही. धाराशिव शहरापासून आठेक किलोमीटरवर डोंगरात लेणी आहेत. पाचव्या ते सातव्या शतकाच्या दरम्यानची ही लेणी अजिंठ्या-वेरूळइतकी नावाजलेली नाहीत, कारण दगडानं साथ दिली नाही. पण त्यांच्यावर एक कथा आहे. अकराव्या शतकात कनकामर नावाच्या जैन मुनींनी अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य लिहिलं. पुढं हिरालाल जैन यांनी ते संपादित केलं आणि १९३४ साली विदर्भातल्या कारंज्याच्या ग्रंथमालेतून छापून आलं.

काव्यातला राजा करकंड स्वारीवर निघून तेरापूरला येतो. तेरापूर म्हणजे आपलं तेर. तिथं त्याला लेण्याची आणि डोंगरावरच्या एका वारुळाची हकिगत कळते. एक हत्ती म्हणे रोज सोंडेतून पाणी आणि कमळ आणून त्या वारुळाची पूजा करतो. राजा वारूळ खणतो, आत पार्श्वनाथांची मूर्ती सापडते. मग लेण्यातल्या जुन्या मूर्तीकडं त्याचं लक्ष जातं. तिच्या सिंहासनावर दगडाची एक गाठ आलेली असते. राजाला ती खुपते. ही कशाची, असं तो कारागिराला विचारतो. कारागीर सांगतो की महाराज, लेणं खोदताना इथं पाण्याचा झरा लागला होता, तो बुजवायला ही गाठ ठेवली आहे. तिला हात लावू नये.

आता हा सल्ला बघा. तांत्रिक आहे, नेमका आहे, फुकट आहे आणि साइटवर उभं राहून दिलेला आहे. आजचा एखादा सल्लागार याच्यासाठी तीन बैठका घेऊन सव्वादोनशे पानांचा अहवाल देईल. राजानं काय केलं? गाठ फोडायला लावली. झरा उसळला, लेणं पाण्यानं भरलं आणि राजा मनापासून हळहळला. पुढं कथेत दिव्य पुरुष प्रकट होतो, लेण्याचा पूर्वेतिहास सांगतो, करकंड नवीन लेणी खोदवून घेतो आणि पुण्य जोडतो. काव्याला नाव करकंडाचं आहे. ‘म्हटलं होतं की नाही’ असं कारागीर म्हणाला का, हे काव्यात नाही. म्हणाला असेल तर मनात.

नळदुर्गातही हाच हिशेब आहे. बोरी नदीला किल्ल्यात घेऊन तिच्यावर बंधारा घातला आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं, १६१३ च्या सुमाराचं हे काम. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे महालावरून कोसळतात आणि आत माणूस कोरडा उभा राहतो. बेसाल्टचा प्रत्येक चिरा इतका चोख बसवलेला की चारशे वर्षांत नदीला आत शिरायला फट सापडली नाही. भिंतीतल्या फारसी शिलालेखात बांधकामाचा गौरव आहे. तो शिलालेख कोरणारा मात्र एका अर्थी भाग्यवान. दुसऱ्याचं नाव का होईना, इतक्या ठळकपणे लिहायला मिळालं.

जमीन खोदायच्या व्यवसायात नारळ मिळतो तो एकट्या पाणाड्याला. तोही काम झाल्यावर नव्हे, कामाच्या आधी. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानातून चालतो. नारळ उभा राहिला की पाणी इथं. मग बोअरची गाडी येते, बहुधा तमिळनाडूच्या नंबरप्लेटची, कारण तिरुचेंगोड नावाच्या गावानं अर्ध्या भारताला भोकं पाडायचा मक्ता घेतलेला आहे. पाचशे फुटांवर नुसती धूळ निघते. शेतकरी पाणाड्याकडं बघतो, पाणाड्या आभाळाकडं बघतो. पाणी आहे, पण सरकलंय, असं त्याचं मत पडतं. नारळ तोपर्यंत फोडून वाटलेला असतो.

विहीर खोदणारा असा सरकू शकत नाही, तो तळाशी असतो. वर यारी फिरते, बादलीतून दगड वर जातात, ट्रॅक्टरचा कॉम्प्रेसर धडधडतो आणि खाली होल मारणारा पायाच्या कंपावरून सांगतो की मांजऱ्या दगड संपला, आता काळा लागला. होल ठासले, वात लावली, बार उडाला की सगळ्यात आधी तोच खाली उतरतो, कारण एखादा बार राहिला असेल तर तो कुठला हे त्यालाच ठाऊक असतं. या शास्त्राला पदवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि उस्मानाबाद (म्हणजे आजच्या धाराशिव) जिल्ह्यांतली गावंच्या गावं झोपेत दगडमातीच्या भिंतींखाली गेली, हजारो माणसं दगावली. पुढं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं आणि बेसाल्टची जाडी ३३८ मीटर भरली. शास्त्रज्ञांना तो आकडा फार मोलाचा होता. जन्मभर विहिरी खोदणाऱ्यांना तो ऐकून एवढंच कळलं की आपल्या वाट्याचं काम अजून बरंच शिल्लक आहे.

भूकंपानंतर लोकांचा दगडी भिंतीवरचा विश्वास उडाला. घरं सिमेंटची झाली. म्हणून दगड फोडणाऱ्याचं काम गेलं म्हणावं, तर सिमेंटच्या घराला खडी लागते. फक्त चिरा घडवणाऱ्याचा क्रशरवरचा मजूर झाला. पाथरवट आणि वडार घरांतली जी पिढी दगडाला आकार देत होती, तिची पुढची पिढी त्याचा आकार घालवायच्या कामाला लागली.

सरकारला हे अजिबात दिसत नाही म्हणणं अन्यायाचं होईल. पारंपरिक कुंभारांना आणि वडारांना ठराविक ब्रासपर्यंत रॉयल्टी माफ आहे. वडार समाजासाठी पैलवान मारुती चव्हाण यांच्या नावानं आर्थिक विकास महामंडळ झालं. १७ सप्टेंबर २०२३ ला केंद्राची विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत दगड कोरणारा आणि दगड फोडणारा दोघंही आहेत. नोंदणी झाली की प्रमाणपत्र मिळतं आणि ओळखपत्र मिळतं. हत्यारांसाठी १५ हजार रुपये मिळतात, कमी व्याजाचं कर्ज मिळतं. दगड फोडणाऱ्याला छापील कागदावर कारागीर म्हणणारी ही योजना, आणि त्याबद्दल तिला शंभरपैकी शंभर द्यायला हवेत.

गंमत पुढं आहे. या योजनेत आधी पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण घ्यावं लागतं. म्हणजे ज्या माणसानं चाळीस वर्षं घण चालवला, त्याला वर्गात बसवून एक तरुण मास्तर फळ्यावर घणाची आकृती काढून दाखवणार. हा माणूस चिऱ्यावर हातोडी टिचकावतो आणि आवाज ऐकून सांगतो की हा खणखणीत आहे, हा बद्द वाजतो, याच्यात चीर आहे. तेरचे गोरोबाकाका थापटणं घेऊन संतांच्या डोक्यावर हेच करत होते. त्या परीक्षेत खुद्द नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. जिल्ह्याच्या इतिहासातलं हे बहुधा एकमेव मूल्यमापन, ज्यात परीक्षक मातीतल्या धंद्याचा होता आणि विद्वान रांगेत बसले होते. त्यानंतर रांग पुन्हा पूर्ववत झाली. तरी प्रशिक्षणाच्या बाजूनं एक गोष्ट सांगता येते. तिथं दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आहे. फळ्याकडं बघत बसायचे पैसे मिळतात हे कळल्यावर चाळीस वर्षांच्या अनुभवालाही आपल्याला अजून बरंच शिकायचंय असं वाटू शकतं.

महसूल खात्याचं बरं आहे. १ ऑगस्टला महसूल दिन असतो. उत्कृष्ट तलाठी, उत्कृष्ट मंडळ अधिकारी, उत्कृष्ट कोतवाल यांचे सत्कार होतात, आणि रात्री नदीपात्रात उभं राहून वाळूचा हायवा अडवणाऱ्या तलाठ्याला शाल द्यावी तेवढी थोडीच, कारण हायवा नेहमी थांबतोच असं नाही. पण एका ब्रास दगडाच्या प्रवासाकडं पाहिलं तर तो मोजणारा, अडवणारा, सोडवणारा, त्याच्यावर रस्ता बांधणारा आणि त्या रस्त्याचं उद्घाटन करणारा, हे सगळे कधी ना कधी व्यासपीठावर जाऊन आलेले दिसतात. फोडणारा तेवढा फोटोच्या चौकटीबाहेर.

कधी तरी देशाचं लक्ष अचानक अशा माणसांकडं जातं. १९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी शिरलं तेव्हा जसवंतसिंग गिल या अभियंत्यानं पोलादी कॅप्सूल बनवून घेतली, स्वतः खाली उतरले आणि ६५ जणांना एकेक करून वर पाठवलं. त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं, पुढं सिनेमाही निघाला. ते रीतसर अभियंते होते, सेवापुस्तक होतं. उत्तराखंडच्या सिलक्यारा बोगद्यात २०२३ साली ४१ कामगार १७ दिवस अडकले, तेव्हा परदेशी ऑगर यंत्र शेवटच्या दहा-बारा मीटरांवर तुटलं. मग रॅट होल मायनर्सना बोलावलं. मेघालयात अशा उंदीरबिळांसारख्या खाणींवर हरित लवादानं २०१४ सालीच बंदी घातलेली. बंदी असलेली कला वापरून त्यांनी हातानं तो पल्ला पार केला. देशानं त्यांना डोक्यावर घेतलं, उत्तराखंड सरकारनं प्रत्येकी ५० हजारांचा धनादेश दिला. रक्कम आणि वागणूक दोन्ही न पटल्यानं तो वटवायचा नाही असं त्यांनी ठरवलं. त्यांच्यातल्या एकाचं दिल्लीतलं घर पुढच्या फेब्रुवारीत अतिक्रमण म्हणून पाडलं गेलं. पाडायला यंत्र आलं होतं, आणि या वेळी ते मध्येच तुटलं नाही.

तेव्हा धाराशिवमध्ये दगड फोडणाऱ्यांचा सत्कार ठरवायचा झालाच, तर काय होईल याचा अंदाज करता येतो. मे महिना चालणार नाही, विहिरींची कामं जोरात असतात. पावसाळा बरा, खदानीत पाणी भरतं आणि माणूस रिकामा असतो. पण मग मांडवाला ताडपत्री लागते, आणि जिल्ह्यातल्या बऱ्या ताडपत्र्या त्या दिवसांत सोयाबीनवर असतात. दिवाळीनंतर बरीच मंडळी ऊसतोडीला गेलेली असतात, सत्कारमूर्ती शोधायला साखर कारखान्याच्या थळात जावं लागेल. पत्रिकेवर ‘इतक्या वर्षांची प्रदीर्घ सेवा’ असं छापायचं तर वर्षं किती? समिती मुकादमाची वही मागवेल. वहीत उचल सापडेल, तारीख सापडणार नाही. शेवटी ‘अखंड सेवा’ असं छापून प्रश्न मिटवला जाईल.

कार्यक्रम अकराचा, पाहुणे दीडला येतात. तोवर सत्कारमूर्ती पहिल्या रांगेत फेटे बांधून बसलेले. आयुष्यभर जॅकहॅमरशेजारी उभं राहिल्यानं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना भाषण ऐकू येत नाही, म्हणून अख्ख्या सभागृहात तेच तेवढे शांतपणे बसू शकतात. पालकमंत्र्यांचा निरोप वाचला जातो. प्रमुख पाहुण्यांचा क्रशर असतो, त्यामुळं ते कष्टाच्या महतीवर पाऊण तास बोलतात. शाल येते, नारळ येतो, सन्मानचिन्ह येतं. सन्मानचिन्ह ग्रॅनाइटसारख्या दिसणाऱ्या फायबरचं असतं. सत्कारमूर्ती ते हातात घेतो, सवयीनं त्याच्यावर बोटाची टिचकी मारतो, ऐकू फारसं येत नसूनही त्याला कळायचं ते कळतं आणि काही न बोलता तो ते पिशवीत घालतो.

फोटो झाल्यावर तो मुकादमाला गाठतो आणि विचारतो, आजच्या हजेरीचं कसं? मुकादम म्हणतो, समितीला इचार, त्यांनी बोलावलंय. समितीचे सचिव जमाखर्च उघडतात. मांडव, फ्लेक्स, फेटे, भोजन, असं सगळं आहे, हजेरीचं शीर्ष नाही. ते म्हणतात, क्रशरवाल्यांनी द्यावी. क्रशरवाले गाडीत बसता बसता काच खाली घेतात आणि म्हणतात, द्यायला काही नाही हो, पण माणूस दिवसभर बसूनच होता ना?